मामांचा घोटा

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नव्हतो. निमित्त झालं लातूरहून आलेल्या मामेभावाच्या फोनचं. त्याचा मुलगा २२ वर्षांचा आहे, व्हॉलीबॉल खेळतो. दीड वर्षापूर्वी उडी मारून खाली येताना त्याचा उजवा पाय मुरगळला. सूज उतरली (ती घरच्या आंबेहळदीने उतरली की डॉक्टरांच्या गोळ्यांनी, हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही), पण घोट्यातली कळ काही गेली नाही. शेवटी एमआरआय काढला. टॅलस नावाच्या हाडावरची कूर्चा एका जागी खराब झाली आहे, असं रिपोर्टमध्ये आलं. माप ९ बाय ७ मिलिमीटर. म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

त्या हरभऱ्यावरून घरात दोन पक्ष पडले. एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं, की स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, नवी कूर्चा उगवते. दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी दुर्बिणीतून साफ करून बघू, तेही व्यायामाने भागलं नाही तर. मामींचं म्हणणं मात्र एकच होतं, "काहीबी करा, पण लेकराचा पाय ह्यांच्यासारखा नको व्हायला."

ह्यांच्यासारखा म्हणजे मामांसारखा. नातेवाइकांना हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो.

मामांचं गाव औसा तालुक्यातलं. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं, लोक उशिरा झोपले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही नांदेडला भांड्यांच्या आवाजाने जागे झालो आणि पुन्हा झोपलो. सकाळी रेडिओवर कळलं. त्या भागातली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. मामा वाचले. त्यांचा डावा पाय घोट्यापर्यंत दगडांखाली होता. त्यांना सोलापूरला नेलं. त्या दिवसांत डॉक्टरांपुढे प्रश्न होता जीव वाचवायचा आणि पाय राखायचा. मामांचे दोन्ही राहिले. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, मामा चालत घरी आले. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये आले, घर कुठे होतं!

पुढची पंचवीस वर्षं मात्र तो घोटा आवळतच गेला. आधी पायऱ्या उतरताना दुखायचा, मग थंडीत, मग रोजच. उकिडवं बसणं बंद झालं. शेतकऱ्याला उकिडवं बसता येत नाही म्हणजे काय, हे आपल्याला खुर्चीवर बसून कळायचं नाही. खुरपणी गेली, धार काढणं गेलं, पंगत गेली. लग्नात मामा भिंतीला टेकून उभे राहायचे आणि "मला भूक न्हाई" म्हणायचे. मामा जाऊन आता सहा वर्षं झाली. पण "हाड जुळलं, मग पाय का नाही जुळला?" हा त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला होता. भाच्याच्या रिपोर्टमुळे तो पुन्हा वर आला आणि मी वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही, इतिहास वाचायची खोड आहे एवढंच. चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात आपल्या सुश्रुतापासून. सुश्रुतसंहितेत घोट्याला गुल्फ म्हटलं आहे आणि शरीरातल्या १०७ मर्मांमध्ये त्याची गणना केली आहे. तिथे मार लागला तर वेदना, पाय ताठ होणं किंवा लंगडेपण येतं असं सांगितलं आहे. मामांची केस पेपरच जणू! हाडांचे पाच प्रकार सांगताना सुश्रुताने नाक-कानातल्या मऊ हाडाला 'तरुण' हाड म्हटलं आहे. आपण आज ज्याला कूर्चा म्हणतो, त्याच जातीचं हे. पण सांध्याच्या आत, हाडाच्या टोकावर जो चकचकीत थर असतो त्याचा अभ्यास व्हायला बराच काळ जावा लागला.

तो केला विल्यम हंटर या स्कॉटिश माणसाने. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध आला, विषय सांध्यांच्या कूर्चेची रचना आणि तिचे आजार. त्याने लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की कूर्चेला झालेली जखम फार त्रासदायक असते आणि एकदा ती नष्ट झाली की भरून येत नाही, हे जुन्या वैद्यांपासून सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हंटर पंचविशीतला होता. त्याचं ते वाक्य आजही कूर्चेवरच्या निबंधांत सुरुवातीला येतं. २८० वर्षं झाली तरी त्याला पूर्ण खोटं पाडता आलेलं नाही.

का भरून येत नाही? कारण कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. आपल्याला कापलं की रक्त येतं, ते गोठतं, रक्तासोबत दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात आणि खपली धरते. हाड मोडलं तरी हेच होतं, म्हणून हाड जुळतं. कूर्चेत रक्त नाही आणि नसाही नाहीत. तिचा बराचसा भाग पाणी, बाकी कोलॅजनचं जाळं, आणि त्यात विरळ बसलेल्या थोड्या पेशी. त्यांना पोषण मिळतं सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून, पाय हलला की स्पंज दाबल्या-सोडल्यासारखं. अपघात झाला तर त्या पेशींना हाक मारायलाही कोणी नाही. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. हाडाला रक्त होतं, कूर्चेला नव्हतं.

आता त्याच शतकातली आपल्याकडची एक गोष्ट. ती घोट्याची नाही, नाकाची आहे. पण रक्ताशिवाय दुरुस्ती नाही हा मुद्दा तिच्यात स्वच्छ दिसतो. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका माणसाने त्याचं नाक पुन्हा बनवलं. हा शस्त्रवैद्य विटा-मडकी बनवणाऱ्या जातीतला होता असं इंग्रजांनी नोंदवलं आहे. त्याचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. ऑपरेशन बघणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत, रुग्णाचं आहे, करणाऱ्याचं नाही. असो.

पद्धत अशी. मेणाचा पातळ पत्रा करून नाकाच्या थोटकावर नाकासारखा बसवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कपाळाची कातडी सोलायची, पण दोन भुवयांमधली एक पट्टी कापायची नाही. ती कातडी वळवून नाकावर बसवायची आणि वरून काताच्या लगद्यात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या लावायच्या. (हो, पानात खातो तोच कात.) चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड. आणि ती मधली पट्टी कापायची सुमारे पंचविसाव्या दिवशी. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हे चित्रासह छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि पुढे युरोपभर ती 'हिंदुस्थानी पद्धत' म्हणून गेली.

सगळं मर्म त्या पट्टीत आहे. पंचवीस दिवस ती का ठेवायची? कारण नव्या जागी रुजेपर्यंत कातडीला जुन्या जागेचं रक्त मिळालं पाहिजे. आपल्याच अंगातला जिवंत तुकडा घ्यायचा, त्याला रक्त पुरवायचं आणि वाट बघायची. घोट्याच्या कूर्चेवरचे पुढचे सगळे उपाय मी वाचले तेव्हा मला प्रत्येकात तेच दिसलं. जिथे रक्त जात नाही तिथे रक्त, नाहीतर जिवंत पेशी, कशी न्यायची?

घोट्याकडे यायला विसावं शतक उजाडलं. कोनिग या जर्मन सर्जनने १८८० च्या दशकात सांध्यात सुट्या होणाऱ्या हाड-कूर्चेच्या तुकड्यांचं वर्णन केलं होतं. घोट्यातही तसं होतं हे १९२२ मध्ये काप्पिसने दाखवलं. पण हे कशामुळे होतं याबद्दल गोंधळच होता. १९५९ मध्ये बर्न्ट आणि हार्टी या दोघांनी कापलेल्या पायांवर प्रयोग करून दाखवलं, की पाय जोरात मुरगळला की टॅलसचा कोपरा बाजूच्या हाडावर आपटतो आणि कूर्चा खालच्या हाडासकट दबते किंवा चिरते. त्यांनी त्याच्या चार पायऱ्या केल्या. म्हणजे 'नुसता मुरगळलाय' हे नेहमीच खरं नसतं. आमच्या भाच्याचं तेच झालं. टॅलस हे हाडही मुलखावेगळं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही, अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला, त्यामुळे रक्त आत शिरायला जागाच कमी. आणि चालताना अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्याच्यावर.

आत बघणंही सोपं नव्हतं. बर्मन या अमेरिकन सर्जनने १९३१ मध्ये दुर्बिणीने वेगवेगळे सांधे तपासले आणि घोटा त्यासाठी फार अरुंद आहे असं लिहिलं. जपानमध्ये ताकागी आणि मग त्यांचे शिष्य वातानाबे यांनी बारीक दुर्बिणी बनवल्या, आणि १९७२ मध्ये वातानाबेंनी घोट्याच्या २८ दुर्बीण-तपासण्यांचा वृत्तांत दिला. तिथून दार उघडलं.

पहिला उपाय अगदी गावठी शहाणपणाचा होता. कूर्चेत रक्त नाही ना? मग खालच्या हाडात आहे, ते वर आणू. १९५९ मध्ये ब्रिस्टलच्या प्रिडीने गुडघ्यात हाडाला भोकं पाडायची पद्धत सांगितली. पुढे अमेरिकेत स्टेडमनने बारीक टोच्याने छिद्रं पाडायची पद्धत रुळवली, तिला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. अस्थिमज्जेतलं रक्त छिद्रांतून येतं, गोठतं आणि त्यातून नवा थर तयार होतो. पण हा थर मूळच्या काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेचा नसतो. तो जरा दोरखंडासारखा, व्रणासारखा असतो. चालतं, पण टिकाऊपणा कमी. रस्त्यातल्या खड्ड्यात मुरूम भरावा तसं. छोट्या खड्ड्यात मुरूम वर्षानुवर्षं टिकतो, मोठ्यात पहिल्या पावसात वाहून जातो.

मग आलं १९९४. किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम वर्ष झालं होतं, आमचे लोक अजून पत्र्याच्या शेडमध्ये होते. त्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांचा वृत्तांत छापला. रुग्णाच्या गुडघ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या आणि काही आठवड्यांनी खड्ड्यात सोडायच्या. वर झाकण म्हणून रुग्णाच्याच हाडावरचं पातळ आवरण शिवायचं. मांडीच्या हाडाच्या टोकावर जखम असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला फायदा झाला. वाटीमागे जखम असलेल्या ७ पैकी फक्त २ जणांना. जगभर मथळे झाले ते १४ चे. ते ७ पैकी २ कोणी मोठ्या अक्षरात छापले नाहीत. पण लेखकांनी स्वतः ते लपवलं नव्हतं, हे मला फार आवडलं.

त्याच सुमाराला बुडापेस्टच्या हांगोडीने वेगळा मार्ग धरला. गुडघ्याच्या कमी भाराच्या जागेतून हाड-कूर्चेचे छोटे दंडगोल काढायचे आणि खराब जागी फरशीसारखे शेजारी शेजारी बसवायचे. घोट्यातही ते होऊ लागलं. पण त्यासाठी चांगल्या गुडघ्याला भोक पाडावं लागतं, आणि काहींचा गुडघा मग दुखायला लागतो. शिवाय टॅलसच्या मागच्या भागापर्यंत पोचायला पुष्कळदा घोट्याचं आतलं टेंगूळ करवतीने कापून नंतर स्क्रूने बसवावं लागतं. इटलीत बोलोन्याच्या जान्निनींनी २००१ च्या सुमाराला वाढवलेल्या पेशी घोट्यात वापरल्या आणि २००९ पर्यंत एकाच बैठकीत, कमरेच्या हाडातली मज्जा घेऊन जाळीवर बसवून लावायची पद्धत आणली. डुकराच्या कोलॅजनचा पडदा छिद्रांवर टाकून रक्ताची गुठळी जागेवर धरून ठेवायची पद्धतही आली. सध्या ज्याला 'बायोलॉजिकल' म्हणतात ते साधारण हे सगळं. जिवंत पेशी, किंवा सजीवाकडून घेतलेला सांगाडा, ज्यावर आपल्या पेशींनी बिऱ्हाड करावं.

यात महाराष्ट्र कुठे? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊती पेढी सुरू झाली. प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी वारेची पातळ पापुद्री, दात्यांचं हाड, हे तिथे स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ चा. एक गोष्ट लक्षात घ्यायची, किरणांनी जंतू मरतात तशा पेशीही मरतात. त्यामुळे असा तुकडा सांगाडा म्हणून उपयोगी, जिवंत कूर्चा म्हणून नाही. जिवंत कूर्चा दात्याकडून घ्यायची तर ती थंड ठेवून काही आठवड्यांत वापरावी लागते. रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून देणाऱ्या एका महाराष्ट्रातल्याच कंपनीच्या उपचाराला २०१७ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली.

आणि त्याच २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनाही आल्या. रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचे उपचार मान्य चाचण्यांबाहेर करू नयेत, असं त्यात सांगितलं होतं. हे वाचलं आणि मी लगेच लातूरला फोन लावला. इंजेक्शनचा पक्ष जरा शांत झाला. मग प्लाझ्माच्या इंजेक्शनचा विषय निघाला. रुग्णाचंच रक्त फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून सांध्यात टोचतात. नेदरलँड्समध्ये घोटा झिजलेल्या १०० रुग्णांवर रीतसर तुलना झाली, २०२१ मध्ये छापून आली. निम्म्यांना प्लाझ्मा, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सहा महिन्यांनी फरक नाही. मिठाच्या पाण्यानेही लोकांना बरं वाटलं होतं, हे विशेष! भाच्याचा आजार अगदी तोच नाही, पण विचार करायला लावणारं आहे.

मग मापाकडे आलो. जखम साधारण १०० ते १५० चौरस मिलिमीटरच्या आत असेल तर साधी छिद्रांची पद्धत बहुतेकांना पुरते, मोठी असेल तर पडदे, पेशी, दंडगोल यांचा विचार करावा, असा कल अभ्यासांतून दिसतो. ९ गुणिले ७ म्हणजे ६३. म्हणजे दुसरे डॉक्टर जे साधं वाटणारं सांगत होते, तेच इतिहासाला धरून होतं. नवं आणि महाग ते चांगलं, असा आमचा समज होता.

एक गोष्ट मात्र खटकली. या अभ्यासांत रुग्णाला विचारतात, चालता येतं का, पळता येतं का, जिने चढता येतात का. उकिडवं बसता येतं का, हा प्रश्न मला त्यांत क्वचितच दिसला. आपल्याकडे तो विचारला होता जयपूरला, १९६० च्या दशकात. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट बनवला, कारण परदेशी नकली पाय घालून खाली बसता येत नव्हतं आणि शेतात अनवाणी चालता येत नव्हतं. नकली पायासाठी जो विचार झाला तो खऱ्या घोट्यासाठीही व्हायला हवा. आमच्या भाच्याने डॉक्टरांना पहिलं तेच विचारलं, "सर, मला खाली बसता येईल का?" डॉक्टर म्हणे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बहुतेक येईल. पण नवी कूर्चा पहिल्यासारखी असेल असं मी म्हणणार नाही."

हे उत्तर ऐकून मला हंटर आठवला. आणि भरवसा वाटला.

मामांना यातलं काही मिळालं असतं का? मला वाटत नाही. त्यांचा सगळा सांधाच चिरडला होता, आणि आजही असे उपाय आहेत ते एकेका खड्ड्यासाठी, अख्ख्या उखडलेल्या रस्त्यासाठी नाहीत. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर तरी देता आलं असतं. तुम्ही काही चुकलं नाही मामा, प्लास्टर लवकर काढलं म्हणून नाही, पथ्य मोडलं म्हणून नाही, हाडाला रक्त होतं आणि कूर्चेला नव्हतं. शेवटपर्यंत ते स्वतःलाच दोष देत राहिले, की मी लवकर कामाला लागलो.

भाच्याचे तीन महिने व्यायामाचे चालू आहेत. दिवाळीनंतरही कळ राहिली तर दुर्बिणीची तारीख घ्यायची ठरलं आहे, साध्या छिद्रांची. त्यानंतर काही आठवडे पायावर भार नाही आणि खेळायला अर्धं वर्ष तरी. तो कुरकुरतोय. मी त्याला पुण्याजवळच्या त्या बिननावाच्या माणसाची गोष्ट सांगितली, पंचवीस दिवस पट्टी न कापता थांबलेल्या. त्यावर तो म्हणाला, "काका, त्याला टूर्नामेंट नव्हती."

मामी शेजारीच होत्या. फोनवर त्यांचं हसू ऐकू आलं.